शेवाळाला थोडं थांबवा

सागरी मासे पाळण्यासाठी घरात खाऱ्या पाण्याची टाकी भरली की पहिले चार ते सहा आठवडे तिच्यात बघण्यासारखं काही नसतं. पाणी, वाळू, दगड. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, मासे कधी आणणार? त्याचं उत्तर डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंकडे असतं. टाकीत शेवाळ कधी घालायचं, याचंही.

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळं समजवावं लागत नाही. ताजं शेण वेलीच्या बुडाशी कोणी घालत नाही, आधी कुजू देतात. मातीतले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचं टाकीत तेच व्हायला हवं, त्यालाच सायकलिंग म्हणतात. पण समुद्राच्या पाण्याचा सामू (पीएच) ८.२ च्या आसपास असतो आणि सामू चढा असेल तितका अमोनियाचा विषारी अंश वाढतो. सामू ७ असलेल्या गोड्या पाण्यात हा अंश एक टक्काही नसतो. इथे तो दहापटीच्या घरात जातो. गोड्या पाण्यात खपून गेलेली घाई इथे माशाच्या जिवावर बेतते.

हे काम एकटे जिवाणूच करतात असं नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयात, सागरी टाकीतल्या खडीतून नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हा आर्किया गटातला, म्हणजे जिवाणूंसारखाच एकपेशीय पण त्यांच्याहून वेगळ्या कुळातला, जीव वेगळा काढला गेला. अमोनियावर जगणारे असे जीव महासागरातही अफाट संख्येने आहेत. टाकीच्या तळातल्या खडीने समुद्राबद्दल एवढं शिकवावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आता रेफ्युजियम. मुख्य टाकीला जोडलेला, पण माशांची पोहोच नसलेला हा कप्पा. बहुतेक जण संपमध्येच, म्हणजे मुख्य टाकीखालच्या गाळणी-पंपाच्या जोडटाकीतच, काचेची आडभिंत घालून तो करतात. त्यात कीटोमॉर्फा वाढवायचं. हिरव्या नायलॉनच्या गुंत्यासारखं दिसणारं हे शेवाळ वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट शोषतं. मूठभर उपटून बाहेर काढलं की तेवढं खत पाण्यातून गेलं. त्याच गुंत्यात कोपेपॉड हे चिमुकले कवचधारी निर्धास्त वाढतात आणि पंपाबरोबर वर जाऊन माशांचं खाद्य होतात.

मग शेवाळ पहिल्याच दिवशी का घालू नये? कारण त्याला नायट्रेटपेक्षा अमोनिया पचवायला सोपा. चाचणीत अमोनिया शून्य येतो, पण तो जिवाणूंनी संपवला की शेवाळाने, हे कळत नाही. माझ्या पहिल्या टाकीत मी शेवाळ लगेच घातलं. दोन आठवड्यांत आकडे छान दिसले, मी दोन मासे सोडले. पुढे वाढलेलं शेवाळ अर्धं कापलं आणि अमोनिया पुन्हा दिसू लागला. जिवाणूंची वस्ती तोवर नीट बसलीच नव्हती. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: कप्पा पहिल्या दिवशी बांधा, त्यातून पाणी फिरू द्या, शेवाळ मात्र थांबवा. लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया घालून २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की त्याची वेळ झाली.

टाकीतले दगड कोरडेच घ्या, समुद्रातून जिवाणूंसकट काढलेले नकोत. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे कडक संरक्षणाच्या यादीत, आहेत, आणि समुद्रातून ओरबाडलेल्या तुकड्यावर आपली टाकी उभी राहू नये असं मला मनापासून वाटतं. जिवाणू कोरड्या दगडावरही बसतात, वेळ थोडा जास्त लागतो इतकंच.

नाशिकच्या हवेची दोन पथ्यं आहेत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, पाणी भराभर उडतं आणि मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर साध्या आरओ पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. थंडीत खिडक्या बंद राहतात, खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा सामू उतरतो. त्यावर रेफ्युजियमचा दिवा रात्री लावायचा. वरची टाकी अंधारात असताना खालचं शेवाळ तो वायू खात राहतं.

शेवाळ रुजल्यावर काही आठवड्यांनी, कप्प्याचा दिवा बंद असताना काचेवर टॉर्च मारून पाहा. पांढरे ठिपके झटके देत सरकताना दिसले, तर कोपेपॉडनी तिथे घर केलंय.