गाठ साधी, मग जबडा का कापायचा?

रिपोर्टात ‘कॅन्सर नाही’ असे वाचून घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि लगेच सर्जन सांगतात, जबड्याचा तुकडा काढावा लागेल. पुष्कळांना यात फसवणुकीचा वास येतो. अमेलोब्लास्टोमाच्या बाबतीत मात्र दोन्ही गोष्टी खऱ्या असतात.

दाताचे एनॅमल घडवणाऱ्या पेशींच्या कुळातली ही गाठ. दहापैकी आठ वेळा ती खालच्या जबड्यात होते, बहुतेकदा मागच्या दाढांपाशी. दुखत नाही, त्यामुळे गाल फुगेपर्यंत किंवा दाढ हलेपर्यंत कोणी दाखवत नाही. ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकाच फिल्मवर दाखवणाऱ्या एक्स-रेत साबणाच्या फेसासारखे कप्पे आणि झिजलेली मुळे दिसतात. पण केराटोसिस्ट ही जबड्यातली पिशवीसारखी वेगळी गाठही अशीच दिसू शकते, म्हणून बायोप्सी हवीच. त्याआधी जाड सुईने गाठीतून काय येते ते ओढून पाहतात. सिरिंज लाल रक्ताने झपाट्याने भरली, तर ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. तिथे नुसती दाढ उपटणेही जिवावर बेतते. सुई टोचल्याने साध्या गाठीचा कॅन्सर होतो, हा समज साफ खोटा आहे. त्यापायी लेप आणि शेकात गेलेल्या महिन्यांत गाठ हाड खात राहते.

खरी मेख हाडाच्या रचनेत आहे. जबड्याचे बाहेरचे कवच घट्ट, आतले हाड स्पंजसारखे जाळीदार. गाठीच्या पेशी हाड विरघळवणाऱ्या पेशींना चेतवतात, पण कडेला त्यांना तेवढीही गरज नसते: जाळीच्या पोकळ्यांतून त्या नुसत्या पुढे सरकतात. जाळी शाबूत, म्हणून एक्स-रेत तिथे हाड निरोगी दिसते. साधारण ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय फिल्मवर काळेपणा उमटत नाही. प्रत्यक्षात पेशी दिसणाऱ्या कडेच्या २ ते ८ मिलिमीटर पुढे पोचलेल्या असतात. गाठ खरवडून काढली की याच पेशी मागे राहतात, आणि अशा निम्म्याहून अधिक गाठी परततात. म्हणून दिसणाऱ्या कडेपलीकडे १ ते १.५ सेंटिमीटर हाड घेतात. कवच फुटले असेल, तर वरच्या मऊ ऊतींचा एक निरोगी थरही घेतात.

एककप्पी, म्हणजे एकाच पिशवीच्या (सिस्टच्या) प्रकारात गाठ त्या पिशवीच्या अस्तरापुरतीच असेल, तर खरवडून कार्नॉयचे द्रावण (उरलेल्या पेशी मारणारे रसायन) ३ मिनिटे लावणे पुरू शकते. पेशी पिशवीच्या भिंतीत शिरल्या असतील तर नाही.

जबड्याची खालची कड निदान १ सेंटिमीटर निरोगी उरत असेल, तर जबडा अखंड राहतो. त्याहून पातळ पट्टी ठेवली, तर चावताना मोडते. तेव्हा पूर्ण तुकडा काढून टायटॅनियमची पट्टी आणि पायातले फिब्युला हाड त्याच्या रक्तवाहिनीसह बसवतात. घोट्याचा आधार जाऊ नये म्हणून खालचा ६ ते ८ सेंटिमीटर भाग पायातच ठेवतात. पुढे त्या हाडात इम्प्लांट लावून दातही बसवता येतात.

२०१४ मध्ये यांतल्या बऱ्याच गाठींत ब्राफ (BRAF) या पेशींची वाढ चालवणाऱ्या जनुकाचा एक ठरावीक बिघाड सापडला. त्यावरच्या गोळ्यांनी काही रुग्णांत गाठ आकसली आहे, पण शस्त्रक्रियेची जागा त्यांनी अजून घेतलेली नाही.

गाठ परतलीच, तर बहुधा पहिल्या पाच वर्षांत. पण दहा वर्षांनंतर परतल्याचीही उदाहरणे आहेत. त्यामुळे काही दुखत नसले तरी दरवर्षीचा ओपीजी चुकवायचा नाही, आणि आधीच्या फिल्म जपून ठेवायच्या, कारण नवा काळा ठिपका जुन्या फिल्मशेजारी ठेवल्यावरच ओळखू येतो.