जुन्या मिलिंगचं सीएनसी रेट्रोफिट

फिरत्या कटरने धातू कापणाऱ्या, हँडल फिरवून चालवायच्या जुन्या मिलिंग मशीनला मोटर, बॉल स्क्रू (नटात गोळ्या असलेला, हलका फिरणारा स्क्रू), मोटरला वीज पुरवणारा ड्राइव्ह आणि कंट्रोलर बसवून ते कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालवणं म्हणजे रेट्रोफिट. वर्कशॉपात याला सरळ 'सीएनसी करून घेणं' म्हणतात. हे काही आजचं नाही, १९५२ साली अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठाने न्यूमेरिकल कंट्रोलचं, म्हणजे आकड्यांच्या प्रोग्रामवर चालणारं मिलिंग दाखवलं तेही नवीन बनवलेलं नव्हतं, सिनसिनाटी कंपनीच्या हायड्रोटेल मशीनलाच कंट्रोल जोडला होता.

जळगावात पाइप, ठिबक आणि चटईचे कारखाने आहेत, त्यामुळे डाय आणि मोल्डचं, म्हणजे साच्यांचं काम असतंच, आणि ते करणाऱ्या छोट्या शेडमध्ये एचएमटी या सरकारी कंपनीचं जुनं मिलिंग असलं तर ते भंगारात द्यायला जीव होत नाही, कारण तसलं जाड बिडाचं कास्टिंग थरथर पिऊन टाकतं.

सगळ्यात मोठा प्रश्न कॉम्प्युटरचा नसतो, प्लेचा, म्हणजे स्क्रू आणि नटमधल्या ढिलेपणाचा असतो. टेबलाला डायल गेज (सुईवर बारीक सरक दाखवणारं माप) लावा, हँडल एका बाजूने फिरवून सुई शून्यावर आणा आणि मग हळूच उलटं फिरवा, सुई हलायच्या आधी हँडल जेवढं रिकामं फिरलं तेवढा प्ले. जुन्या स्क्रूत अर्धा मिलिमीटरही निघतो. हाताने चालवणारा कारागीर नेहमी एकाच बाजूने मापावर येतो म्हणून त्याचं काम अडत नाही, पण प्रोग्राम दर क्षणी दिशा बदलतो. जळगावच्याच एका शेडमध्ये जुन्याच स्क्रूला मोटर जोडून कापलेला गोल मी हातात घेतला होता, जिथे जिथे टेबलाची दिशा फिरली त्या चारही जागी पायरी होती, डोळ्याला कमी दिसायची पण नख अडकायचं. सॉफ्टवेअरमध्ये प्ले भरून काढायची सोय असते, पण कटरने टेबल ओढलं की ती कामाची नाही. म्हणून प्रीलोड नटवाला, म्हणजे आधीच दाबून प्ले काढलेला बॉल स्क्रू, त्याच्या टोकाला स्क्रूला पुढेमागे हलू न देणारी अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी, आणि त्याही आधी टेबल ज्यावर सरकतं त्या स्लाइडची स्क्रॅपिंग, म्हणजे हाताने खरवडून सपाट करणं, कारण स्लाइड मधेच जास्त घासलेली असते, गिब (स्लाइडची ढिलाई काढायची पट्टी) मधल्या जागेला आवळली की टेबल टोकाला जाम होतं. माझ्या मते पैसा आधी इथे घालावा, भारी कंट्रोलर नंतरही घेता येतो.

मोटरचं गणित सोपं आहे. स्टेपर, म्हणजे ठरलेल्या पावलांनी फिरणारी मोटर, सहसा एका फेऱ्यात २०० स्टेप घेते, ड्राइव्हवर त्याचे दहा दहा भाग केले आणि स्क्रूची पिच (एका फेऱ्यातली सरक) ५ मिमी असली तर कंट्रोलरच्या एका पल्सला, म्हणजे विजेच्या एका इशाऱ्याला, टेबल २.५ मायक्रॉन सरकतं. कटर फिरवणाऱ्या स्पिंडलला व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) लावला की स्पीड बदलायला दर वेळी बेल्ट हलवावा लागत नाही.

एक गोष्ट जिवावरची आहे. जुना स्क्रू स्वतःच अडून राहतो, बॉल स्क्रू अडत नाही, त्यामुळे वीज गेली की टेबलाखालचा जड भाग, ज्याला नी म्हणतात, तो आपोआप खाली उतरतो. त्या मोटरला ब्रेक हवाच.

खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि बंद पॅनलमधले ड्राइव्ह तापून ट्रिप होतात, तेव्हा पॅनलला फिल्टरवाला पंखा किंवा कूलर लावतात, नुसतं दार उघडं ठेवलं तर बिडाची भुकटी आत जाते. लाइट गेली की साधी स्टेपर आपण कुठे होतो ते विसरते, म्हणून सरकण्याच्या तिन्ही दिशांना होम स्विच, म्हणजे सुरुवातीची ठरलेली जागा ओळखणारे स्विच बसवतात, आणि लाइट आल्यावर आधी कटर वर घेऊन मग होम करतात, म्हणजे मशीन त्या जागेवर नेतात.