राजाच्या भाषणातलं घर

१ सप्टेंबर २०१६ रोजी ऑस्लोच्या राजवाड्याच्या बागेत नॉर्वेचे राजे हाराल्ड पाचवे पाहुण्यांपुढे बोलले. नॉर्वेजियन म्हणजे कोण, हे सांगताना त्यांनी अफगाणिस्तान, पाकिस्तान, पोलंड, सोमालिया, सीरियातून आलेल्यांना त्यात धरलं. माझे आजी-आजोबाही ११० वर्षांपूर्वी डेन्मार्क आणि इंग्लंडमधून इथे आले, हेही सांगितलं. पाठोपाठ वाक्य आलं ते असं: ज्याला आपण घर म्हणतो ते आपलं हृदय असतं तिथे असतं, आणि ते दरवेळी देशाच्या सीमेत बसवता येत नाही.

अशा भाषणातली रूपकं अंदाजाने शोधून भागत नाही. दहा संशोधकांच्या प्रॅगलजॅझ गटाने २००७ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरात आहे. आधी अख्खं भाषण वाचायचं, खूण कुठेच करायची नाही. मग शब्द सुटे करायचे. प्रत्येक शब्दाचा इथला अर्थ लिहायचा आणि त्याला याहून मूळचा, हाताला लागणारा किंवा शरीराशी जोडलेला अर्थ आहे का, ते शब्दकोशात पाहायचं. दोन्ही अर्थ वेगळे असतील, पण एकावरून दुसरा कळत असेल, तर तो शब्द रूपक. हाराल्ड शेवटाकडे देश पुढे ‘बांधण्या’विषयी बोलतात. बांधणं मूळचं दगड-लाकडाचं. इथे बांधायचा आहे समाज, तोही विश्वासाच्या पायावर. खूण करा. ‘नॉर्वे म्हणजे तुम्ही, नॉर्वे म्हणजे आम्ही’ इथे मात्र थांबा. देशाचं नाव तिथल्या माणसांसाठी येतं ते जवळच्या संबंधामुळे, साम्यामुळे नव्हे. ही लक्षणा झाली, आणि नवशिक्यांची चूक इथे होऊ शकते.

दुसरी चूक भाषांतरावर विसंबल्याने होते. हाराल्ड यांच्या ‘रॉउसहेट’ या शब्दाचा अर्थ औदार्य. मराठीत आपण सहज ‘मनाचा मोठेपणा’ लिहितो, आणि मूळ शब्दात नसलेलं मनाचं माप त्यात घुसतं. म्हणून खुणा मूळ भाषेतच, दोघांनी वेगवेगळ्या करायच्या आणि मग ताडून पाहायच्या. भाषणं लहान-मोठी असतात, तेव्हा मोजणी दर हजार शब्दांमागे करावी. ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ यांच्या भाषणांत नुसतं संगणकाने ‘कुटुंब’ मोजलं तर त्यांची सख्खी मुलं आणि राष्ट्रकुल एकाच रकान्यात पडतात.

हे कुटुंबाचं रूपक ब्रिटिश राजघराण्याचं जुनं. २१ एप्रिल १९४७ला, एकविसाव्या वाढदिवशी, केपटाउनहून नभोवाणीवर बोलताना राजकन्या एलिझाबेथ यांनी आपलं सारं आयुष्य ‘आपल्या महान साम्राज्य-कुटुंबाच्या’ सेवेला वाहिलं. तेव्हा भारतही त्या साम्राज्यात होता, आणखी चार महिन्यांपुरता. कुटुंब म्हटलं की वडीलधारी कोण हे आपोआप ठरतं. ते निवडून आणावे लागत नाहीत आणि घर सोडून जाणारा कृतघ्न ठरतो. आपल्या ‘मायबाप सरकार’मध्ये हेच नातं इतकं मुरलंय की ते रूपक आहे, हे कानाला जाणवतच नाही.

घटनात्मक राजाला कायदा करता येत नाही, पक्षाची बाजू घेता येत नाही. निर्वासितांना किती परवाने द्यावेत, हे हाराल्ड बोलू शकत नव्हते. ‘घर’ म्हणू शकत होते. एरवी देशाला घर म्हटलं की भिंती येतात, दार येतं, मालक आणि पाहुणा येतो. त्यांनी घराचा पत्ताच जमिनीवरून उचलून हृदयात ठेवला, आणि हे सांगणाऱ्या राजाचे आजोबा, हाकोन सातवे, स्वतः मूळचे डेन्मार्कचे राजपुत्र होते.