नीती उपजत की धर्मातून: वादाची थोडी पार्श्वभूमी, गोव्याच्या बाजूने

नीती माणसात उपजत असते की धर्मातून येते, गोव्यात हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांपेक्षा शाळेच्या टाइमटेबलात जास्त सापडतो. चर्चशी जोडलेल्या कितीतरी अनुदानित शाळांत एक तास असा असतो की वर्ग दोन ठिकाणी फुटतो, ख्रिश्चन मुलं दोतोर्नला, म्हणजे ख्रिश्चन धर्मशिकवणीच्या तासाला, जातात आणि बाकीची, म्हणजे हिंदू, मुसलमान सगळी, मॉरल सायन्सला, ज्याला आता व्हॅल्यू एज्युकेशन म्हणतात. शिकवतात दोन्हीकडे साधारण तेच. खोटं बोलू नको, चोरी करू नको, मोठ्यांचा मान राख. फरक इतकाच की एका खोलीत 'का?' ला उत्तर आहे आणि दुसऱ्या खोलीत 'का?' विचारलंच जाणार नाही असं धरून पुस्तक लिहिलेलं असतं.

फार मागे जात नाही. ग्रीक संवादातला तो प्रसिद्ध पेच, देवाला आवडतं म्हणून चांगलं की चांगलं आहे म्हणून देवाला आवडतं, तो इथे वाचणाऱ्या बहुतेकांना पाठ असेल. दोन गोष्टी मात्र वादात कोणी काढत नाही म्हणून नोंदवतो. एक, आपल्या धर्मशास्त्रात धर्माची जी चार मुळं सांगितली आहेत त्यात वेद, स्मृती आणि सज्जनांचा आचार यांच्यानंतर चौथं मूळ 'स्वतःच्या मनाचं समाधान' हे आहे, शेवटच्या नंबरावर का होईना पण आहे. दुसरी, ख्रिश्चन धर्मग्रंथातल्याच एका पत्रात म्हटलंय की ज्यांच्याकडे नियमशास्त्र नाही अशा परक्यांच्याही हृदयावर नियम कोरलेला असतो, आणि कॅथलिक चर्चच्या १९६५ च्या रोममधल्या परिषदेने सदसद्विवेकबुद्धीबद्दल जे लिहिलं तेही याच वळणाचं आहे. म्हणजे 'देव नसेल तर नीती नाही' हे वाक्य प्रवचनात कितीही ऐकू आलं तरी ती चर्चची अधिकृत शिकवण नाही. देवळात आणि इगर्जीत (चर्चमध्ये) हे सांगायला कोणाला वेळ झालेला दिसत नाही, ते असो.

पोर्तुगीज आले ते १५१०, इन्क्विझिशन १५६० पासून, त्यावर इतकं लिहून झालंय की परत नको. मला त्यातली एकच तारीख इथे महत्त्वाची वाटते, १५२६. त्या वर्षी तिसवाडीतल्या (पणजीच्या आसपासच्या भागातल्या) गावकरींचे, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या संस्थांचे, रीतिरिवाज पोर्तुगीज अधिकाऱ्याने सनदेत लिहून काढले, जमीन कशी वाटायची, कर कसा भरायचा, वारसा कसा. देवळं पाडायला सुरुवात त्यानंतर, तिसवाडीत १५४० ला. गावकार, म्हणजे त्या संस्थांचे सभासद, ख्रिश्चन झाले, नावं बदलली, गावकरीला पोर्तुगीजात कोमुनिदाद म्हणू लागले, पण खाडीकाठच्या खाजन शेतांचे बांध सांभाळायची रीत तशीच चालत राहिली, कारण बांध फुटून खारं पाणी आत आलं की शेत पुढची काही वर्षं हातचं जातं आणि ते पाणी हिंदूचं शेत कुठलं, ख्रिश्चनाचं कुठलं बघत नाही. मानशीची (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराची) देखभाल, पावणी (लिलाव), जोण (उत्पन्नातला गावकाराचा वाटा), हे सगळं देव बदलल्यावरही राहिलं. धर्म बदलला म्हणून एकमेकांशी व्यवहाराने वागायची शिस्त कोसळली असं झालं नाही, आणि उपजत बाजूवाल्यांसाठी गोव्यात यापेक्षा चांगला दाखला नाही असं माझं मत. त्याला एक ठिगळ लावायलाच हवं, की ही शिस्त गावकारांपुरती होती, बायकांना त्यात जागा नव्हती, गावच्या खालच्या जातींना नव्हती, आणि मधल्या काळात हिंदू गावकारांना बैठकीपासून दूर ठेवणारे हुकूमही निघालेच. सहकार होता, पण वर्तुळ आखून.

आता थेट १९१० ला. लिस्बनमध्ये राजा गेला, प्रजासत्ताक आलं, आणि ऑक्टोबर १९१० मध्ये म्हणजे काही दिवसांतच त्यांनी प्राथमिक शाळांतून ख्रिश्चन शिकवण काढून टाकली. पुढच्या वर्षी, एप्रिल १९११ मध्ये, चर्च आणि राज्य वेगळं करणारा कायदा. धर्माच्या जागी नागरिकत्वाचं शिक्षण आलं, गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले, पणजीच्या लिसेवमध्ये (पोर्तुगीज सरकारी हायस्कुलात) हिंदू मुलं दिसायला लागली ती मुख्यतः याच काळात. गावागावांत खाजगी मराठी शाळा चालायच्या, तिथे पाढे, परवचा आणि श्लोक, म्हणजे नीती पाठांतरातून. थोडक्यात त्या पंचवीसेक वर्षांत सरकारचं म्हणणं होतं की चांगला माणूस घडवायला चांगला नागरिक घडवणं पुरतं. माझ्या मते हा सगळा वाद ज्यांना समजून घ्यायचाय त्यांनी सोळावं शतक सोडून याच पंचवीस वर्षांकडे बघावं, कारण प्रश्न पहिल्यांदा सरळ राज्याने विचारला होता आणि स्वतःच उत्तर दिलं होतं.

ते उत्तर १९३५ ला उलटलं. मधल्या काळात पोर्तुगालमध्ये हुकूमशाही आली होती, तिच्या राज्यघटनेत दुरुस्ती करून लिहिलं गेलं की सरकारी शिक्षण देशाच्या परंपरेतल्या ख्रिश्चन शिकवणीच्या आणि नीतीच्या तत्त्वांवर चालेल. मग १९४० चा रोमबरोबरचा, म्हणजे पोपच्या गादीशी झालेला करार, त्यात असं की सरकारी शाळांत कॅथलिक धर्म आणि नीती शिकवायची, ज्यांचे पालक सूट मागतील ती मुलं सोडून. हे नीट बघा. 'धर्म आणि नीती' हा एकच विषय, एका दमात, आणि नको असेल तर पालकाने पुढे येऊन अर्ज करायचा. न बोलणारा आत धरलेला.

भारताच्या घटनेचं २८ वं कलम याच्या बरोबर उलटं आहे. पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाहीच, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत मुलाला धर्माच्या तासाला बसवायचं तर पालकाची संमती आधी लागते. न बोलणारा बाहेर धरलेला. गोवा १९६१ च्या डिसेंबरात एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत आला तेव्हा शाळांनी सर्वात सोपा मार्ग काढला, तास एकच ठेवला आणि खोल्या दोन केल्या. दोतोर्न आणि मॉरल सायन्स ही जोडी गोव्याने शोधली असं नाही, देशभरच्या कॉन्व्हेंट शाळांत ती होती, पण जिथे वर्गात दोन्हीकडची मुलं भरपूर असतात तिथे ती जास्त डोळ्यावर येते.

तिकडे दिल्लीत आधीपासून आणि पुढेही समित्या बसत-उठत होत्या. १९५९ मध्ये नेमलेल्या समितीने, तेव्हा गोवा अजून पोर्तुगीजांकडे, नैतिक आणि आध्यात्मिक मूल्यं शाळेत शिकवा, दिवसाची सुरुवात मौनाने करा असं सुचवलं. १९६४ ते ६६ च्या शिक्षण आयोगाने एक फरक करून ठेवला जो पुढे सगळ्यांना महागात पडला: 'धार्मिक शिक्षण' वेगळं आणि 'धर्मांविषयी शिक्षण' वेगळं, पहिलं सेक्युलर राज्यात चालणार नाही, दुसरं चालेल. १९७१ ला सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या एका प्रकरणात म्हटलं की संताचं जीवन आणि शिकवण अभ्यासणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे. १९९९ ला संसदेच्या एका समितीने पाच मूल्यं ठरवून दिली, सत्य, धर्म म्हणजे सदाचार, शांती, प्रेम, अहिंसा, आणि वर जोडलं की सगळ्या धर्मांचा गाभा एकच, फक्त आचार वेगळे, हे मुलांना कळलं पाहिजे.

इथून पुढचं मला जास्त सांगायचंय. नोव्हेंबर २००० मध्ये शालेय शिक्षणाचा नवा राष्ट्रीय आराखडा आला आणि त्यात या लेखाच्या विषयावरच एक वाक्य होतं, की धर्म हा मूल्यांचा एकमेव स्रोत नाही पण एक प्रमुख स्रोत नक्कीच आहे. वाक्य किती हुशार आहे बघा. 'एकमेव नाही' म्हटल्यावर नास्तिक गप्प, 'प्रमुख' म्हटल्यावर भाविक खूश, आणि नीती आधी की धर्म आधी हा प्रश्न तसाच. याला आव्हान देणारी जनहित याचिका थेट सर्वोच्च न्यायालयात गेली, मुद्दे दोन, एक म्हणजे हे २८ व्या कलमाच्या विरुद्ध आहे आणि दुसरा, राज्यांचं मत जिथे येतं त्या केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाला विचारलंच नाही. सप्टेंबर २००२ मध्ये तीन न्यायमूर्तींनी याचिका फेटाळली.

निकालाबद्दल लोक दोन टोकाचं बोलतात, शाळेत धर्म आणायची परवानगी मिळाली किंवा सेक्युलर तत्त्व शाबूत राहिलं, आणि दोन्ही अर्धवट आहे. न्यायालयाने घटनेतल्या बंदीला हात लावला नाही, फक्त म्हणाले की धर्मांची माहिती देणं त्या बंदीत येत नाही, समाजात मूल्यं घसरतायत तेव्हा शाळेने काहीतरी करायला हवं. एका न्यायमूर्तींनी वेगळं लिहिताना मान्य केलं की माहिती आणि शिकवण यांच्यातली रेषा फार बारीक आहे आणि एकाच्या नावाखाली दुसरं होऊ नये याची काळजी घ्यावी लागेल. तिसऱ्यांनी मंडळाच्या रिकाम्या जागा भरून मत घेण्याचा विचार सरकारने करावा असं म्हटलं. ती काळजी घ्यायची कोणी, तर वर्गावरच्या शिक्षकाने. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाला जी रेषा बारीक वाटली ती काणकोणातल्या एखाद्या सातवीच्या टीचरने पस्तीस मिनिटांच्या तासात सांभाळायची, तेही ज्या धर्माबद्दल तिला स्वतःला फारसं काही माहीत नाही त्याबद्दल बोलताना. माझा आक्षेप निकालापेक्षा त्याच्या खाली दबलेल्या गृहीतकाला आहे: मूल्यं घसरली म्हणून धर्म शिकवा, हे वाक्य तेव्हाच बसतं जेव्हा मूल्यं धर्मातून येतात हे आधीच मान्य असतं. ते तपासायला कोणी सांगितलं नव्हतं आणि न्यायालयाचं ते कामही नव्हतं म्हणा. २००४ ला सरकार बदललं, २००५ च्या आराखड्यात धर्माऐवजी शांतता-शिक्षण आलं, आणि निकाल कागदावर तसाच राहिला.

ज्यांनी तपासलं त्यांचीही गंमतच झाली. २००७ मध्ये सहा आणि दहा महिन्यांच्या बाळांना लाकडी आकारांचा खेळ दाखवला, एक आकार डोंगर चढणाऱ्याला ढकलून मदत करतो, दुसरा खाली लोटतो, नंतर बाळ कुठला उचलतं ते बघितलं. दहा महिन्यांच्या १६ पैकी १४ आणि सहा महिन्यांच्या १२ पैकी १२ बाळांनी मदत करणारा उचलला, आणि नीती उपजत असल्याचा पुरावा म्हणून हे पुढची कितीतरी वर्षं जगभर फिरलं. २०२४ च्या शेवटी अनेक देशांतल्या लॅब्सनी मिळून तोच प्रयोग हजारावर बाळांवर केला तर निवड जवळजवळ निम्मी-निम्मी आली. दुसरीकडे २०१५ चा सहा देशांतल्या ११७० मुलांचा अभ्यास, धार्मिक घरातली मुलं स्टिकर वाटताना कमी उदार असतात असा, पेपरांत जोरात छापून आला, आणि २०१९ मध्ये मागे घ्यावा लागला कारण देशांना दिलेले कोड नंबर हिशोबात साध्या आकड्यांसारखे धरले होते. तिसरा २०१९ चा, इतिहासातल्या शेकडो समाजांचा, मोठे समाज आधी उभे राहतात आणि पाप-पुण्य बघणारे देव नंतर येतात असं सांगणारा, तोही २०२१ ला मागे गेला, जिथे पुरावा सापडला नव्हता तिथे असे देव 'नाहीत' असं धरलं होतं म्हणून. नंतर दुरुस्त करून परत आला, पण तोवर ज्याला जे हवं ते त्याने उचललेलं होतं. मला स्वतःला तिसऱ्याचा निष्कर्ष पटतो, खाजनांमुळे, पण तो पुरावा नव्हे.

२०२० मध्ये ३४ देशांचं एक सर्वेक्षण आलं, नीतिमान असायला देवावर श्रद्धा लागते का, भारतात हो म्हणणारे ७९ टक्के, स्वीडनमध्ये ९. त्याच वर्षीच्या नव्या शिक्षण धोरणाने मूल्यं कुठून येतात हा प्रश्न बाजूला ठेवून सरळ यादीच दिली, पारंपरिक भारतीय आणि घटनात्मक मूल्यं एकाच दमात: सेवा, अहिंसा, स्वच्छता, सत्य, निष्काम कर्म, शांती, पुढे सहिष्णुता, स्त्रीपुरुष समानतेची जाण वगैरे. स्वच्छता कुठल्याही खोलीत शिकवता येते. निष्काम कर्म शिकवायचं तर एखादा पोरगा विचारणारच की हे कुणी सांगितलं, आणि टीचरने खरं उत्तर दिलं की तास धर्मांविषयीच्या माहितीचा झाला, म्हणजे परत २००२ ची ती बारीक रेषा.