दुचाकीच्या चार्जिंग वायरिंगच्या दुरुस्तीची पारख

मोटरसायकलची बॅटरी भरत ठेवणाऱ्या वायरिंगवर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरबाहेर, म्हणजे कोपऱ्यावरच्या वायरमनकडे किंवा घरीच, केलेली दुरुस्ती टिकाऊ आणि सुरक्षित आहे का हे तपासणे. ‘सेल्फ लागतो, हॉर्न वाजतो, म्हणजे काम झालं’ हा पुण्यात सर्रास चालणारा निकष इथे कुचकामी आहे. बॅटरी भरलेली असेल, तर चार्जिंग साफ बंद असूनही या दोन्ही गोष्टी काही काळ बिनतक्रार चालतात.

इंजिनवर फिरणाऱ्या मॅग्नेटमुळे कॉइलमध्ये एसी वीज तयार होते. तीन फेजच्या कॉइलमधून तीन वायरी निघतात, बहुधा पिवळ्या. त्या एका कपलरमधून, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडातून, रेग्युलेटर-रेक्टिफायरला, म्हणजे गॅरेजच्या भाषेत आरआर युनिटला जातात. हे युनिट विजेचे डीसी करते, व्होल्टेज आवरते आणि बॅटरीकडे पाठवते. जुन्या साध्या गाड्यांत हेडलाइट थेट कॉइलच्या एसीवर चाले. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर कायम चालू राहणे सक्तीचे झाले. २०२० च्या बीएस-६ प्रदूषण नियमांनंतर बहुतेक गाड्यांत विजेवर चालणारे फ्युएल इंजेक्शनही आले, त्यामुळे व्होल्टेज फार घसरले की पूर्वी नुसता दिवा मंद व्हायचा तिथे आता गाडीच बंद पडते.

सगळ्यात जास्त जळतो तो पिवळ्या वायरींचा कपलर. पिना सैल होतात, पावसाळ्यात पाणी शिरून त्यांवर हिरवट थर चढतो आणि जोडाचा रोध वाढतो. १५ अँपिअर वाहत असताना जोडात ०.१ ओहम रोध असला, तर दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतो आणि सुमारे २२ वॅट उष्णता तयार होते. एवढ्यावर छोटे सोल्डरिंग आयर्न तापते. प्लास्टिकचा कपलर तपकिरी होऊन वितळला तर नवल नाही. एलईडी दिवे बसवले की या वायरींवरचा ताण कमी होतो, ही समजूत शंट जातीच्या युनिटबाबत चुकीची आहे. असे युनिट जादा वीज कॉइलकडेच शॉर्ट करून परतवते, त्यामुळे भार कमी असला तरी पिवळ्या वायरींतून प्रवाह वाहतच राहतो.

जळका कपलर कापून वायरींना पीळ द्यायचा आणि वर टेप गुंडाळायची, हा नेहमीचा उपाय. सुरुवातीला तो चांगला चालतोही. पुढे उन्हाने आणि इंजिनच्या धगीने टेपचा गोंद सुटतो, पीळ सैल होतो. नुसते डाख दिलेले जोडही निर्धोक नसतात: डाख जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि कंपनाने नेमकी तिथेच तुटते. योग्य मापाचे थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा, क्रिंपिंगच्या पकडीने दाबून त्यावर गोंदाची, तापवल्यावर आवळणारी हीटश्रिंक स्लीव्ह चढवणे सर्वांत चांगले. हे सामान नाना पेठेच्या स्पेअर पार्ट बाजारात सुटे मिळते. ‘मिळत नाही म्हणून टेप लावली’ ही सबब पुण्यात तरी चालू नये. घरगुती वायरिंगची वायर वापरलेली दिसली किंवा फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा आढळला, तर पुढच्या मापनाची गरज नाही, दुरुस्ती नापास.

मापनाआधी बॅटरी पूर्ण भरलेली हवी, नाहीतर आकडे फसवतात. इंजिन बंद ठेवून काही तास विसावलेली निरोगी बारा व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. हेडलाइट चालू ठेवून ४,००० ते ५,००० आरपीएमला साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. खरी परीक्षा मात्र व्होल्टेज-घट मोजण्याची: इंजिन तसेच चालू ठेवून मल्टीमीटरची एक पिन युनिटच्या लाल वायरीवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर. ०.२ व्होल्टच्या आसपास आकडा चालतो, अर्धा व्होल्ट आला तर मधला कुठलातरी जोड वीज खातो आहे. मायनसच्या बाजूलाही हेच करावे. अर्थिंगचा गंजलेला बोल्ट बहुतेक जण विसरतात. इंजिन बंद असताना ओहमवर लावलेला मीटर असे जोड पकडत नाही, कारण एकच शाबूत तारही त्याला पुरते.

काही युनिटना व्होल्टेज ‘पाहणारी’ वेगळी बारीक वायर असते. तिच्या जोडात घट झाली की युनिटला बॅटरी उपाशी वाटते आणि ते व्होल्टेज वाढवत नेते. बॅटरीवर १५ व्होल्टच्या वर आकडा दिसला, की आरआर युनिट बदलण्याआधी ही वायर तपासावी; नव्या युनिटचे पैसे वाचू शकतात.

तिन्ही पिवळ्या वायरींमधले एसी व्होल्टेज, कपलर सोडवून, जोडीजोडीने जवळपास सारखे यावे, आणि इंजिन बंद करून त्यांपैकी कुठलीही बॉडीशी जुळलेली आढळू नये. ही चाचणी अर्धा तास गाडी चालवून, इंजिन तापल्यावर पुन्हा करावी. कॉइलचे इन्सुलेशन कमकुवत असेल तर थंडपणी सगळे ठीक दिसते आणि दोष गरम झाल्यावरच उघडा पडतो.