हॉट प्लेट आणि राइदिंग: वेदनाशामक अर्काच्या दोन चाचण्या

गुडघा सुजला की आमच्याकडे निर्गुडीचा पाला तव्यावर शेकून बांधतात. त्याच पाल्याचा अर्क प्रयोगशाळेत गेला की प्रबंधाच्या शेवटी एक शब्द येतो: वेदनाशामक. तो वाचला की मी आधी चाचणी कुठली ते बघते.

हॉट प्लेट समजायला सोपी. साधारण ५५ अंश सेल्सिअसला तापलेल्या पत्र्यावर उंदीर ठेवायचा आणि तो पंजा चाटेपर्यंत किंवा उडी मारेपर्यंत किती सेकंद जातात ते मोजायचे. पंजा भाजू नये म्हणून ठरलेल्या वेळेला, बहुधा १५ सेकंदांना, त्याला उचलायचेच. मॉर्फिनसारखी मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करणारी औषधे हा वेळ वाढवतात. ॲस्पिरिनने फारसा फरक पडत नाही.

राइदिंग म्हणजे दुखण्याने अंग पिळवटणे. या चाचणीत उंदराच्या पोटात सौम्य ॲसेटिक ॲसिड टोचतात. थोड्या वेळात उंदीर पोट आवळतो, अंग ताणतो, मागचे पाय लांब करतो. असे पीळ वीस-तीस मिनिटे मोजायचे. ॲसिडमुळे पोटाच्या अस्तरात दाह होतो, प्रोस्टाग्लँडिन ही वेदना वाढवणारी रसायने तयार होतात. ॲस्पिरिन त्यांनाच रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. म्हणून इथे ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक चांगली चालतात.

पण इथे पीळ मॉर्फिनही कमी करते, आणि नुसती गुंगी आणणारे औषधसुद्धा! एका विद्यार्थिनीच्या वहीत एका उंदरापुढे शून्य पीळ लिहिलेले होते. मी जाऊन पाहिले, तर तो बरणीच्या कोपऱ्यात डोळे मिटून निपचित पडलेला. दुखणे थांबले होते की हालचालच थांबली होती, हे त्या शून्यावरून कळणार नव्हते. आम्ही तोच डोस देऊन दुसरे उंदीर रोटारॉडच्या फिरत्या दांडीवर ठेवले, ते पटापट खाली पडले; म्हणजे त्या डोसने तोल आणि हालचालच बिघडत होती. नैतिकता समितीची परवानगी घेऊन, मुक्या जिवाला त्रास देऊन मिळवलेला आकडा असा चुकीचा वाचला जातो तेव्हा मला फार वाईट वाटते.

म्हणून फक्त राइदिंगवरून ‘मॉर्फिनसारखा’ म्हणू नये. हॉट प्लेटवर वेळ वाढला आणि नॅलॉक्सोन (मॉर्फिनचा परिणाम रोखणारे औषध) दिल्यावर तो फायदा गेला, तर ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्याच, मार्गाचा संशय घ्यायला जागा आहे.

आणि शेकलेला पाला? त्याच्या आरामात पाल्याचा वाटा किती आणि उबेचा किती, हे या दोन्ही चाचण्या विचारतच नाहीत. त्यासाठी माणसांवरच चाचणी हवी, एका गटाला पाला आणि दुसऱ्याला तेवढेच गरम फडके बांधून.