सुकडीपासून परभणी शक्तीपर्यंत: मराठवाड्यातल्या बाळाच्या वाटीची पार्श्वभूमी

1972 चा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला मराठवाड्यात कुठेही विचारा, दोन शब्द हमखास निघतात: मिलो आणि सुकडी. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. सुकडी म्हणजे खडी फोडायला गेलेल्या बायांना आणि त्यांच्या लेकरांना कामावर मिळणारं पिठाचं गोड खाणं. सरकारने पाठवलेला तयार पोषक आहार इथल्या घरांनी ओळखला तो तेव्हापासून. जीव जगवणं एवढंच त्याचं काम होतं आणि ते त्याने केलं.

2 ऑक्टोबर 1975 ला देशात 33 प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हळूहळू गावोगाव अंगणवाडी आली. तिथली खिचडी खायला तीन वर्षांपुढची मुलं येऊन बसतात. पण खरी पडझड होते ती त्याआधी, सहाव्या महिन्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांत संपत येतो, आईलाच रक्त कमी असेल तर तो मुळातच थोडा असतो, आणि आईच्या दुधातून लोह फारसं मिळत नाही. त्याच वेळी उष्टावण होतं आणि बाळाला काय भरवलं जातं? बहुतेक घरांत वरणाचं पाणी, पातळ पेज, पुढे चहात बुडवलेलं बिस्कीट. पोट मुठीएवढं, आणि ते पाण्यानेच भरतं. दुधात कुस्करलेली भाकरी, वर शेंगदाण्याचा कूट, हे आजीला ठाऊक असतं. पण दूध डेअरीला जातं आणि आजी रोजंदारीला.

या वयाच्या मुलांसाठी 2009 मध्ये केंद्राने नवे निकष आणले: रोज 500 कॅलरी, 12 ते 15 ग्रॅम प्रथिने, तीव्र कमी वजनाच्या बाळाला 800 कॅलरी, आणि घरी न्यायच्या आहारात जीवनसत्त्वं व खनिजं मिसळलेली असावीत. ही शेवटची अट वाचायला साधी, पण तिने सगळी गणितं बदलली. लोह आणि जीवनसत्त्वाचं मोजकं मिश्रण पिठात सारखं मिसळायला यंत्र लागतं, तपासणी लागते. गावातल्या बचतगटाच्या चुलीवर ते जमणार कसं? सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच या आहारातून ठेकेदार दूर ठेवायला सांगितलं होतं, तरी महाराष्ट्रात पुरवठ्याचे ठेके मोठे होत गेले. या ठेक्यांची 2016 ची निविदा 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. दरम्यान शिरा, उपमा, सुकडीची पाकिटं घरी येत राहिली, आणि चव न आवडल्याने त्यातली कितीतरी जनावरांपुढे गेली. यात मला आईचा दोष दिसत नाही. जे लेकरू तोंडात घेत नाही, ते तिने किती दिवस भरवायचं?

याच काळात मराठवाड्याने राज्याला एक वाटही दाखवली. औरंगाबाद विभागात 2002 च्या सुमारास विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकाराने प्रत्येक बाळाचं वजन घेऊन कुपोषित मुलं शोधण्याचं काम जोरात सुरू झालं. त्यातून 2005 मध्ये राजमाता जिजाऊ मिशन उभं राहिलं, तेही औरंगाबादेतूनच. दोन वर्षांखालच्या वाढ खुंटलेल्या मुलांचं राज्यातलं प्रमाण 2005-06 मध्ये 39 टक्के होतं, 2012 च्या पाहणीत ते 24 टक्क्यांच्या आसपास आलं. रक्तक्षयाने, म्हणजे अंगात रक्त कमी असण्याने, मात्र दाद दिली नाही. राज्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांत तो चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 53.8 टक्के होता, पाचव्यात 68.9 टक्के झाला.

त्यानंतर रेशनवर आणि अंगणवाडीत पोषणयुक्त तांदूळ आला. शंभर दाण्यांत एक दाणा लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 घालून बनवलेला. कुणी समजावून सांगितलं नाही, तिथे लोकांनी तो प्लास्टिकचा म्हणून निवडून फेकला. शिवाय हा प्रदेश मुळात भाताचा नाही, ज्वारीचा.

म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठाचं काम मला मोलाचं वाटतं. इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेसोबत त्यांनी 2018 मध्ये ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी दिली. किलोमागे सुमारे 45 मिलिग्रॅम लोह आणि 32 मिलिग्रॅम जस्त. नेहमीच्या ज्वारीत हे साधारण 30 आणि 20. इथे लोह दाण्यातच आहे. वेगळं पाकीट नको, ओळखीची भाकरी आणि कण्या पुरतात. अडचण रानात आहे, खरिपातल्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आहे.

आणि बीड-धाराशिवच्या ऊसतोडीच्या घरांना यातलं काहीच वेळेवर पोचत नाही. दिवाळीच्या आगेमागे कोयता, म्हणजे ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं, निघतो, आई पहाटे तीनला फडात असते, बाळ पाचटावर. अंगणवाडीतलं नाव, वजनाचा तक्ता आणि आहाराचा वाटा गावातच राहतो. सातव्या महिन्यात गाडीत बसून गेलेलं बाळ गुढीपाडव्यानंतर गावी येतं, तेव्हा वर्षाचं झालेलं असतं.